शेल स्क्रिप्ट : एका हुकमात शंभर कामे

संगणक म्हटला की विज्ञान शाखेचे विद्यार्थी डोळ्यांपुढे येतात. पण कला शाखेच्या विद्यार्थ्याला, आणि शेतकऱ्याच्या घरालाही, त्याचा एक साधा उपयोग आहे. तो म्हणजे शेल स्क्रिप्ट.

शेल म्हणजे आपला लेखी हुकूम यंत्रापर्यंत पोचवणारा दुभाषी. बेल प्रयोगशाळेत १९६९ साली युनिक्स प्रणालीचे काम सुरू झाले. स्टीफन बोर्न यांचा शेल १९७९ साली तिच्या सातव्या आवृत्तीबरोबर आला. आज लिनक्सवर त्याच वळणाचा 'बॅश' चालतो. असे हुकूम एका फायलीत ओळीने लिहिले, की झाली स्क्रिप्ट.

उदाहरण आपल्या निफाड तालुक्यातलेच घेऊ. २०२३ साली कांद्याचे भाव कोसळले. तेव्हा १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात विकलेल्या लेट खरीप लाल कांद्याला राज्य शासनाने क्विंटलमागे ३५० रुपये, २०० क्विंटलपर्यंत, अनुदान जाहीर केले. अर्जाला विक्रीपट्टी लागे. वडिलांनी प्रत्येक पट्टीचा फोटो मोबाईलवर काढलेला. पण त्यातच लग्नाचे, बैलांचे, पिकाचे शेकडो फोटो. दहा क्विंटलची एक पट्टी राहिली, तर साडेतीन हजार रुपये गेले. त्या वेळी आम्ही एकेक फोटो बोटाने सरकवून पाहिला. आज तेच काम चार ओळींत होते.

मोबाईल बहुधा फोटोच्या नावातच तारीख घालतो : आयएमजी_२०२३०२१४ म्हणजे १४ फेब्रुवारी. म्हणून लिहावे (प्रत्यक्षात अक्षरे व अंक इंग्रजी) :

फॉर एफ इन आयएमजी_२०२३०२* आयएमजी_२०२३०३*
डू
सीपी "$एफ" पट्ट्या/
डन

तारका म्हणजे 'पुढे काहीही असो'. 'एफ' या नावात एकेक फाईल येते आणि आधी बनवलेल्या 'पट्ट्या' या कप्प्यात तिची नक्कल जाते.

तीन पथ्ये पाळावीत. पहिल्या खेपेस 'सीपी'च्या आधी 'एको' लिहावे. मग यंत्र काही करीत नाही, काय करणार ते नुसते दाखवते. 'एमव्ही' मूळ फाईलच हलवते, म्हणून नवख्याने 'सीपी'च वापरावे. अवतरणचिन्हे गाळू नयेत. नावात मोकळी जागा असली तर शेल एका फाईलच्या दोन समजतो.

मात्र फोटोत पट्टी आहे की बैल, हे शेलला कळत नाही. तो फक्त नाव वाचतो. ३१ मार्चच्या पट्टीचा फोटो दुसऱ्या दिवशी काढला असेल, तर तो निसटेल. तेव्हा शेवटची नजर माणसाचीच हवी. जे काम तेच ते आहे आणि ज्याचा नियम शब्दांत सांगता येतो, ते यंत्राकडे सोपवावे. पारख आपल्याकडे ठेवावी.