निसर्गाची हजेरी कोणी घ्यावी?

वर्गात एकच दिवस हजेरी घेतली तर त्या दिवशी कोण आले एवढेच कळते. कोणाची उपस्थिती हळूहळू घटते आहे, ते कळत नाही. जीवसृष्टीचेही तसेच आहे. एखाद्या डोंगरावर किती जातींचे पक्षी दिसले, ही झाली यादी. पण त्याच जागी, त्याच पद्धतीने, वर्षानुवर्षे नोंद ठेवली तरच वाढ आणि घट समजते. जैवविविधतेची अशी सातत्यपूर्ण नोंद एकट्या शास्त्रज्ञाच्या आवाक्यातली नाही. त्यासाठी संस्था, शासन आणि सामान्य निरीक्षक यांची भागीदारी लागते. ही भागीदारी कोणत्या अटींवर असावी, याचा येथे थोडक्यात विचार करावयाचा आहे.

१८८३ साली मुंबईत आठ निसर्गप्रेमींनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. या संस्थेचा एक अनुभव बोधप्रद आहे. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली व माणसांनाही ज्वर येऊ लागला. या रोगाचा विषाणू रशियातील एका रोगाच्या विषाणूशी मिळताजुळता निघाला. तेव्हा स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडींतून तो इकडे आला असेल काय, असा प्रश्न उपस्थित झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने डॉ. सालीम अली यांच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांच्या पायांत कडी अडकविण्याचे काम १९५९ पासून मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. रोगाच्या चिंतेतून पैसा आला आणि पक्ष्यांच्या प्रवासाची माहिती हाती आली.

परंतु पुढे या कामाचा संबंध अमेरिकन सैन्याच्या संशोधनाशी आला. १९७० नंतरच्या दशकात संसदेच्या लोकलेखा समितीने परदेशी सहभागाच्या संशोधन प्रकल्पांची झाडाझडती घेतली, तीत हा प्रकल्पही होता. पक्ष्यांच्या साध्या नोंदीदेखील कोणाच्या हाती जातात, हा प्रश्न त्यातून पुढे आला. तो आजही शिळा झालेला नाही.

भागीदारीचे अलीकडील उदाहरण म्हणजे २०२३ साली प्रसिद्ध झालेला भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल. १३ संस्था एकत्र आल्या आणि सुमारे ३० हजार पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवरून ९४२ जातींचा आढावा घेतला गेला. यांपैकी दीर्घकालीन कल सांगता आला तो ३३८ जातींचा; त्यांतील ६० टक्के जाती घटल्याचे दिसले. उरलेल्या ६०४ जातींचे काय? त्यांच्याविषयी दीर्घकालीन निष्कर्ष काढण्याइतका पुरावाच नव्हता. नोंद नाही म्हणजे धोका नाही, असा अर्थ कोणी काढू नये. जेथे निरीक्षक पोहोचत नाहीत, तेथील ऱ्हास मुकाट्याने होत असतो.

ही उणीव भरून काढण्यास गावोगावची माणसे हवीत. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने स्थानिक संस्थांच्या पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समित्यांची तरतूद केली. लोकांच्या सहभागाने नोंदवही तयार करणे हे त्यांचे काम होय. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने या कामासाठी ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिली होती. मात्र वही एकदा भरून कपाटात ठेवली, तर ती यादीच राहते. दरवर्षी उघडली तरच ती हजेरी होते.

कला शाखेच्या विद्यार्थ्याचा येथे काय संबंध, असे कोणी विचारील. एकाच झाडाला दोन तालुक्यांत दोन नावे असतात. ती टिपणे हे भाषेच्या अभ्यासकाचे काम. कोणत्या साली कोणते गवताळ माळ नांगराखाली गेले, हे भूगोलाचा विद्यार्थी नकाशावर दाखवू शकतो. रानभाज्या बाजारात येणे का घटले, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे.

मात्र गावाकडून माहिती घेताना तीन पथ्ये पाळली पाहिजेत. माहिती कशासाठी हवी ते आधी सांगावे. सांगणाऱ्याच्या संमतीने त्याचे श्रेय नोंदवावे. आणि निष्कर्ष गावाला त्याच्या भाषेत परत द्यावेत. ज्याला केवळ माहिती पुरविणारा मानले, तो पुढच्या वर्षी दार उघडणार नाही, आणि हजेरीचा क्रम तेथेच तुटेल.

आपल्या महाविद्यालयाच्या आवारापासून आरंभ करता येईल. ठरलेली जागा, ठरलेली वेळ आणि एक साधी वही एवढे पुरे. विद्यार्थी तीन वर्षांनी निघून जातात. वही मात्र पुढच्या तुकडीच्या हाती देता येते.