कडुनिंबाची फवारणी आणि हौदातले गप्पी मासे

वस्तीतल्या कुंड्यांवर, परसातल्या वांगी-मिरचीवर आता बरेच जण कडुनिंबाचे तेल किंवा तंबाखूचा काढा फवारतात. दुकानातल्या जहाल औषधापेक्षा हे बरे, यात शंका नाही. पण ‘झाडपाल्याचे आहे, त्याने काय होणार?’ हे वाक्य मात्र तपासून पाहावे. सगळे म्हणतात म्हणून मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितलेच आहे.

मासा कल्ल्यांनी श्वास घेतो. कल्ल्यांची त्वचा इतकी पातळ असते की पाण्यातला प्राणवायू सरळ रक्तात जातो. विषही त्याच वाटेने जाते. आपण वास आला की बाजूला होतो, हौदातला मासा जाणार कुठे?

शेवंतीच्या जातीच्या एका पांढऱ्या फुलापासून पायरेथ्रम नावाचे कीटकनाशक काढतात. माणसाला त्याचा त्रास कमी, कारण आपले शरीर ते लवकर मोडून टाकते. माशाला ते तितके जमत नाही, म्हणून थोड्या प्रमाणातही मासे मरतात. डेरिस वेलीच्या मुळांत रोटेनॉन असते. ते शरीरातल्या पेशींना प्राणवायू वापरूच देत नाही. पाण्यात हवा भरपूर असूनही मासा गुदमरतो. आपल्याकडे ओढ्यात गेळाची फळे ठेचून टाकून मासे धरण्याची रीत जुनी आहे. केस धुण्याच्या रिठ्याचा फेसही कल्ले बिघडवतो. हे सारे नैसर्गिकच!

कडुनिंब या सर्वांपेक्षा सौम्य. तरी दाट द्रावण पाण्यात गेले तर कल्ल्यांना इजा होते. शिवाय तेल पाण्यात मिसळावे म्हणून आपण साबण घालतो, तोही माशांना बाधतो.

आता याचा आपल्या आरोग्याशी संबंध. विहिरीत, हौदात सोडलेले गप्पी मासे डासांच्या अळ्या खातात. फवाऱ्याचा पंप त्याच हौदावर धुतला आणि मासे मेले, तर औषधाचा असर काही दिवसांत ओसरतो, मासे मात्र आपोआप परत येत नाहीत. डेंग्यूचा डास अंड्यातून उडेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. पुढचे सांगायला नको.

म्हणून फवारताना हौद-पिंप झाकावे. पंप आणि बादली धुतलेले पाणी गटारात, नाल्यात, विहिरीजवळ न ओतता दूर कोरड्या मातीत जिरवावे. वारा असेल, पावसाचे ढग असतील तर त्या दिवशी फवारू नये. तंबाखूचा काढा तर घरी करूच नये असे माझे मत आहे. त्यातले निकोटिन हाताच्या कातडीतूनही शरीरात जाते आणि उलट्या, चक्कर सुरू होते. कडुनिंबाचे तेल जंतांवर म्हणून तान्ह्या मुलांना पाजण्याची चाल काही घरांत आहे. ती ताबडतोब बंद करा, त्याने बाळाला झटके येऊन जीव धोक्यात जातो.

तळ्यात किंवा ओढ्यात अचानक मेलेले मासे तरंगताना दिसले, तर फुकट मिळाले म्हणून घरी आणू नका. कशाने मेले ते नुसते पाहून कळत नाही, आणि शिजवल्याने सगळी विषे जात नाहीत.