अग्निदेवाचे पलायन

ऋग्वेद उघडला म्हणजे पहिले सूक्त अग्नीचे, आणि त्या सूक्तातील पहिला शब्दही अग्नीचेच नाव. ऋग्वेदातील १०२८ सूक्तांपैकी सुमारे २०० सूक्ते अग्नीला उद्देशून आहेत. इंद्राखालोखाल हा मान त्याचाच. असे असूनही मारुतीचे देऊळ वेशीवर आणि गणपतीचे पेठेत असते, तसे अग्नीचे देऊळ आपल्या गावोगावी आढळत नाही. ज्याची इतकी स्तुती झाली त्या देवाला देऊळ का नसावे, हा प्रश्न विद्यार्थ्यांना पडणे साहजिक आहे.

आमच्या मते याचे उत्तर अग्नीच्या कामात आहे. इतर देव हवी ग्रहण करणारे. अग्नी तो वाहून नेणारा. म्हणूनच त्याला हव्यवाहन म्हणतात. तो देवांचे मुख आहे, माणसांचा दूत आहे आणि यज्ञात देवांना बोलावणारा होताही तोच आहे. दूत एका ठिकाणी बसून पूजा घेत नाही.

हे काम मानाचे खरे, पण किती जोखमीचे होते, हे सांगणारी एक विलक्षण कथा वैदिक वाङ्मयात आहे. अग्नीला तीन वडील भाऊ होते. देवांकडे हवी वाहून नेता नेता ते तिघेही नष्ट झाले, असे तैत्तिरीय संहिता सांगते. आता पाळी आपली, हे ओळखून धाकटा अग्नी भ्याला आणि पाण्यात जाऊन लपला. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ५१ व्या सूक्तात देवांचा व त्याचा संवादच आहे. आपण का पळालो, हे तो तेथे मुळीच लपवीत नाही. शिकाऱ्याच्या धनुष्याला बिचकलेल्या रानगव्याशी तो स्वतःची तुलना करतो. जगाला पोळणारा देव स्वतः भयाने थरथरतो, हे चित्र रेखाटणाऱ्या ऋषीचे आम्हांस फार कौतुक वाटते.

देवांनी त्याला शिक्षा केली नाही, त्याच्याशी बोलणी केली. जरारहित आयुष्य आणि यज्ञाच्या आरंभीच्या व अखेरच्या आहुतींचा, म्हणजे प्रयाज-अनुयाजांचा, वाटा देऊ केला, तेव्हा तो परतला. परंतु तैत्तिरीय संहितेतील अग्नीने आणखी एक मागणे केले आहे, आणि या कथेचे सारे मोल आम्हांला त्यात दिसते. कुंडाभोवतीच्या परिधींच्या बाहेर हवीचा जो अंश सांडेल तो माझ्या भावांचा असावा, असे तो म्हणाला. परिधी म्हणजे वेदीवरील अग्नीच्या पश्चिमेस, दक्षिणेस व उत्तरेस ठेवलेली तीन लाकडे. ही तीन लाकडे म्हणजेच ते तीन भाऊ, असे शतपथ ब्राह्मण सांगते. याज्ञिकाच्या हातून चार कण बाहेर सांडले तर ते वाया गेले नाहीत, मेलेल्यांना पोहोचले.

अग्नी लपल्याची ही कल्पना पुढे महाभारताने मोठ्या रंजकतेने फुलविली. अनुशासनपर्वात बेडूक, हत्ती व पोपट एकामागून एक त्याचा ठावठिकाणा सांगतात आणि त्याचे शाप घेतात. पोपटाला न कळणारी वाणी त्यातूनच मिळाली म्हणे! पाण्यातून पिंपळात आणि पिंपळातून शमीत गेलेला अग्नी अखेर शमीच्या पोटात सापडला. दसऱ्याला आपण ज्या शमीची पूजा करतो तीच ही. यज्ञासाठी अग्नी उत्पन्न करावयाचा तो अरणी घासून. आणि त्या अरणीसाठी शमीत रुजलेल्या पिंपळाचे लाकूड प्रशस्त मानतात. लाकडात अग्नी दडलेला असतो, हा रोजचा अनुभवच या कथेचे मूळ असावे.

देवळात नसला तरी हा देव घराबाहेर कधी गेला नाही. वैदिक कवींनी त्याला गृहपती म्हटले आणि अतिथीही म्हटले. जेवणापूर्वी शिजल्या अन्नाची आहुती अग्नीत देण्याचा वैश्वदेव आता थोड्याच घरी उरला आहे. चुलीच्या जागी गॅसची शेगडी आली. तरी विवाहात लाह्यांचा होम त्याच्यातच होतो, आणि वधूवरांचा साक्षीदार तोच असतो. पंक्तीत म्हणावयाच्या श्लोकात भोजनाला यज्ञकर्म म्हटले आहे ते पोटातील जठराग्नीला स्मरून.

त्याचे शेवटचे ओझे मात्र सर्वांत जड आहे. ऋग्वेदातील अंत्यसंस्काराच्या सूक्तात मृताला निष्ठुरपणे जाळू नकोस, नीट सिद्ध करून पितरांकडे पोहोचव, अशी त्याला विनवणी आहे. प्रेत जाळणारा तो क्रव्याद अग्नी, आणि हवी नेणारा अग्नी निराळा, असा भेदही तेच सूक्त करते. एकाला दूर जाण्यास सांगते आणि दुसऱ्याला जवळच ठेवून घेते.