कॅमेऱ्यापुढे न येणाऱ्या बोक्याविषयी



घरच्या कुत्र्यामांजरांची छायाचित्रे काढणाऱ्याला ‘धीर धर’ असे जो तो सांगतो, पण तो धीर कसला, याची फोड सहसा कोणी करून देत नाही, म्हणून भाचीसाठी हा पत्रप्रपंच. कॅमेरा डोळ्याला लावून ताटकळत बसणे म्हणजे धीर नव्हे. तशा बसलेल्या माणसाच्या अंगातला ताण मांजराला दारातूनच कळतो आणि ते आल्या पावली परतते. मांजरांच्या जगात रोखून पाहणे ही धमकी असते, आणि भिंगाचा मोठा, काळा, कधीही न मिटणारा डोळा त्यांना बहुधा तसाच वाटत असावा. याउलट डोळे अर्धवट मिटून सावकाश उघडणे ही सलोख्याची खूण होय. माणसाने तसे केले असता मांजरही डोळे बारीक करून उत्तर देते आणि जवळ येण्यास अधिक राजी होते, असे ससेक्स विद्यापीठातील संशोधकांनी २०२० साली दाखवून दिले.

म्हणून भाचीने पहिले चार-सहा दिवस एकही छायाचित्र काढू नये. कॅमेरा आपल्या बोक्याच्या नेहमीच्या जागेपाशी जमिनीवर नुसता ठेवावा, म्हणजे तो त्यास हुंगेल, पट्ट्याशी झोंबेल आणि मनात आले तर त्यावर गाल घासेल. मांजराच्या गालात गंधग्रंथी असतात, त्यामुळे असे घासणे म्हणजे वस्तूवर आपल्या वासाची मोहोर उमटवणे होय. त्याच दिवसांत खिडकीतला उन्हाचा पट्टा कितीला येतो, बोका त्यात कोणत्या कुशीवर निजतो आणि उठताना काय करतो, हे पाहून ठेवावे. प्रथम एक कान फिरतो, मग लांबलचक जांभई, मग पुढचे पाय ताणून पाठीला बाक. जांभई ओसरल्यावर डोळे उघडतात तेव्हाची ती गाफील नजर दोन-तीन क्षणच टिकते, आणि सगळी वाट तिच्यासाठीच पाहायची असते. हा क्रम ठाऊक नसलेला माणूस जांभई टिपून समाधान मानतो.

यंत्राची जुळवाजुळव मात्र आधीच उरकावी, कारण बोका समोर असताना बटणांशी चाललेली खटपट हा धीर नव्हे, गबाळेपणा आहे. प्रकाशमापक, म्हणजे किती उजेड घ्यायचा हे ठरवणारी कॅमेऱ्यातील सोय, समोरचे दृश्य मध्यम करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरते. त्यामुळे काळा बोका राखाडी उतरतो, आणि ते टाळण्यासाठी उजेड सुमारे एका टप्प्याने कमी घ्यावा लागतो. फ्लॅश वापरूच नये. मांजराच्या दृष्टिपटलामागे परावर्तक थर असतो, त्यावर तो प्रकाश आपटून डोळे हिरवे चमकतात. ‘बर्स्ट’, अर्थात बटण दाबून धरले असता सेकंदाला दहा-वीस चित्रे टिपण्याची सोय, धावत्या कुत्र्यासाठी ठीक. एरवी ती उतावळेपणाचीच आवृत्ती ठरते.

या कलेच्या इतिहासात धीराचे दोन प्रकार दिसतात आणि त्यांची गल्लत होऊ नये. हॅरी व्हिटियर फ्रीस या अमेरिकन छायाचित्रकाराने विसाव्या शतकाच्या आरंभी मांजराच्या पिलांना झबली-टोपडी चढवून, माणसांची कामे करताना दाखवून चित्रे काढली. त्यामागे चिकाटी होती यात शंका नाही, पण पिलू आपल्या मनासारखे होईपर्यंत थांबण्याची ती चिकाटी होती. विल्यम वेगमन यांच्या कामात पारडे निराळे आहे. १९७० साली आणलेला त्यांचा ‘मॅन रे’ हा वायमरानर जातीचा कुत्रा स्टुडिओत कामाबाहेर ठेवला की कुरकुरे आणि कामात घेतला की निवांत होई, म्हणजे पुढाकार कुत्र्याचाच. पुढे वेगमन ज्या पोलरॉइड कॅमेऱ्यावर काम करू लागले, तो शंभर किलोच्या आसपास वजनाचा, एका वेळी वीस बाय चोवीस इंचांचे एकच चित्र देणारा, कुत्र्याच्या मागे पळू न शकणारा. कुत्र्यालाच उभे राहावेसे वाटले, तर चित्र.

कुत्र्याला ते वाटेनासे झाले, हे ओळखणे हाही धीराचाच भाग आहे. समोर खाऊ नसता जिभल्या चाटणे, झोप नसता जांभया, मान दुसरीकडे वळवणे, यांना नॉर्वेच्या श्वानप्रशिक्षक तुरिद रुगोस ‘शांतवणाऱ्या खुणा’ म्हणतात; त्या दिसताच कॅमेरा खाली ठेवावा, मग उजेड कितीही सुरेख पडलेला असो. पाच-दहा मिनिटे पुष्कळ झाली.

चित्र मिळो वा न मिळो, बोक्याचा उकडलेल्या बांगड्याचा तुकडा चुकवू नये. तो देण्याआधी लेन्सला झाकण तेवढे लावावे, कारण खाऊन झाले की स्वारी तोंड पुसायला थेट भिंगाकडेच येण्याचा संभव असतो.