पुस्तकाला ट्रेलर लागतो का?

प्रश्न : माझा पहिला कथासंग्रह दिवाळीनंतर आला. हजार प्रतींची आवृत्ती आहे. प्रकाशक म्हणतात, ‘‘ताई, रील टाका, नाहीतर गठ्ठे हलायचे नाहीत.’’ भाचा म्हणतो, ट्रेलर करू. ड्रोनवाला मित्र त्याच्या ओळखीचा आहे. मी शाळेतून निवृत्त झालेली बाई. कॅमेऱ्यासमोर हावभाव करणं मला जमायचं नाही. व्हिडिओमुळे पुस्तक खरंच खपतं का?
— एक लेखिका, मिरज

उत्तर : खपतं, पण ड्रोनमुळे नाही.

भाच्याचं मन मोडू नका, पण त्याला एवढं विचारा, की सिनेमाचा ट्रेलर म्हणजे असतं काय? विकायच्या मालाचाच तुकडा. आंबेवाला फोड कापून हातावर ठेवतो, तसा. तुमचा माल म्हणजे तुमची वाक्यं. उसाच्या फडावरून घिरट्या घालणारा कॅमेरा कितीही देखणा असो, ती फोड तुमच्या बागेतली नव्हे. शिवाय गोष्टीतल्या बाईच्या जागी कुणी मॉडेल उभी केलीत, तर वाचकाच्या मनात तिचा चेहरा उमटायच्या आत तुम्हीच तो पुसून टाकलात.

ट्रेलर कुणाला फळलेच नाहीत, असं नाही. अमेरिकी लेखक गॅरी श्टाइनगार्ट यांनी २०१० मध्ये आपल्या कादंबरीसाठी केलेल्या ट्रेलरमध्ये स्वतःला चक्क वाचता न येणारा लेखक करून टाकलं. कादंबरीची गोष्ट त्यात जवळपास नाहीच. पण हा गृहस्थ विनोदी लिहितो, आणि त्या दोन-चार मिनिटांत त्याच्या विनोदाची चव मिळते. फोड बागेतलीच होती. आपल्याकडे अमीश त्रिपाठी यांच्या ‘द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा’चा ट्रेलर त्याच वर्षी यूट्यूबवर आला, त्याची चर्चाही झाली. मात्र त्याच पुस्तकाचं पहिलं प्रकरण दुकानांच्या गल्ल्यावर फुकट ठेवलं होतं, हे लोक विसरतात. मला विचाराल तर खरी चतुराई त्या फुकट प्रकरणात होती.

आता तुमची भीती. हावभाव करायला सांगतंय कोण? तुम्ही शाळेत शिकवलंत, म्हणजे धडा वाचून दाखवलाच असेल. तेवढंच करायचं आहे. मराठीला हे नवंही नाही. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार गावोगाव कथाकथन करत हिंडले. विंदा, बापट आणि पाडगावकर कविता वाचत फिरले. पुलंची ‘बटाट्याची चाळ’ आधी पुस्तक होती, रंगमंचावर ती १९६१ मध्ये आली. ज्यांनी मिरासदारांना एकदा ऐकलं, त्यांना पुढे त्यांची कुठलीही कथा वाचताना तोच आवाज कानात येतो. हा आवाज वाचकाच्या कानात बसवणं, एवढंच व्हिडिओचं काम. मैदानाऐवजी समोर फोन आहे, आणि ऐकणारा एका वेळी एकच आहे. म्हणून सभेत बोलतो तसं बोलू नका; पलंगावर पडलेल्या आजारी मैत्रिणीला वाचून दाखवताय, असं वाचा.

उतारा निवडताना बहुतेकांचं चुकतं. लेखक आपला सर्वांत आवडता, काव्यमय परिच्छेद उचलतो. मीही उचलला होता. पावसाचं वर्णन होतं, घरच्यांखेरीज कुणी शेवटपर्यंत पाहिलं नाही. मग दोन सासवा एका रिक्षात अडकतात तो तुकडा वाचला. मधेच स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, ती तशीच राहू दिली. त्यावर मात्र ओळखीपाळखी नसलेल्यांचे निरोप आले. तेव्हा माणूस दारातून आत येतो, काहीतरी मागतो आणि समोरचा नाही म्हणतो, अशी जागा शोधा. आपल्या मजकुराचे शंभर-सव्वाशे शब्द वाचायला साधारण मिनिट लागतं. दोन मिनिटं पुष्कळ झाली. आणि ‘नाही’ म्हटल्यावर काय झालं, ते वाचू नका.

तांत्रिक बाजू फार नाही. खिडकी पाठीशी नको, तोंडासमोर हवी. पंखा बंद करा. आपल्याला ऐकू येत नाही, पण माइक त्याची घरघर इमानानं टिपतो. साधा कॉलर माइक पुरतो. फोन उभा धरा. बरेच जण बसमध्ये, आवाज बंद ठेवून पाहतात, म्हणून खाली मजकूर हवा, आणि तो हातानं टाइप केलेला हवा. आपोआप उमटणारी अक्षरं मराठी आडनावांचं काय करतात, ते पाहवत नाही. मागे सिनेगीत लावू नका, हक्कांच्या भानगडीत आवाजच बंद होतो. अख्खी कथा वाचायचा मोह झाला, तर आधी करार काढून बघा; श्राव्य हक्क कुणाकडे आहेत, ते त्यात लिहिलेलं असतं.

लगेच काही घडेल, अशी आशा मात्र धरू नका. जॉन ग्रीन यांचं उदाहरण सगळे देतात. २०१२ मध्ये त्यांची ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’ आली, तिच्या पहिल्या आवृत्तीसाठी त्यांनी दीड लाख सुट्या पानांवर सह्या केल्या, पहिलं प्रकरण आधीच वाचून दाखवलं. पण ते आणि त्यांचा भाऊ २००७ पासून एकमेकांना व्हिडिओ-पत्रं पाठवत होते, आणि त्यांत पुस्तकाची जाहिरात क्वचितच असायची. लोक त्या दोघांच्या गप्पांना आले होते. मॅडलिन मिलर यांच्या ‘द साँग ऑफ अकिलीस’चं तर आणखी वेगळं. पुस्तक २०११ चं. दहा वर्षांनी टिकटॉकवर वाचकांनी त्याच्यासाठी रडत व्हिडिओ केले आणि ते पुन्हा खपाच्या यादीत चढलं. त्यात लेखिकेचा हात नव्हता. आपल्याकडे टिकटॉक जून २०२० मध्ये बंद झालं, त्याची जागा रील्स आणि शॉर्ट्सनी घेतली, पण वाचकाचं रडणं विकत मिळत नाही, हे तिथंही तसंच आहे.

प्रकाशकांना मात्र एक प्रश्न आजच विचारा. व्हिडिओ पाहून लातूरच्या बाईला पुस्तक हवं झालं, तर तिनं काय करायचं? मराठी पुस्तकाची खरी रड इथं आहे. चाळीस जण खाली ‘कुठे मिळेल?’ विचारतात आणि चार दिवस कुणी उत्तर देत नाही. तोवर त्या बाईनं दुसरं काहीतरी मागवलेलं असतं. शेवटच्या पाच सेकंदांत मुखपृष्ठ, किंमत आणि ऑर्डरचा व्हॉट्सअॅप नंबर ठळक दिसू द्या. त्या नंबरावर उत्तर देणारा माणूस नक्की झाल्याशिवाय व्हिडिओ टाकूच नका.

भाच्याला फोन धरायला बसवा. वाचताना कंटाळा आला की हात वर कर म्हणावं. हात जिथे वर जाईल, त्या वाक्याच्या आधीच थांबून पुन्हा रेकॉर्ड करा.