साबरमतीचा काठ : एका पदपथावरून नागरी विकासाचा अभ्यास

नागरी नियोजनाच्या प्रकरणाचा अभ्यास करताना विद्यार्थ्यांनी एखादा प्रकल्प तरी पायी पाहावा. पायी चालणाऱ्यास जे दिसते ते अहवालात सहसा सापडत नाही. अहमदाबाद येथील साबरमती नदीकाठ विकास प्रकल्प हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

उत्तरेकडील सुभाष पुलाच्या परिसरातून, म्हणजे प्रवाहाच्या दिशेने, चालण्यास आरंभ करावा. पश्चिम काठावर १९१७ साली वसलेला गांधीजींचा आश्रम आहे. १२ मार्च १९३० रोजी दांडीयात्रा येथूनच निघाली. आश्रमाकडून दक्षिणेस जाताना काठाची रचना ध्यानात येते. पाण्यालगतचा खालचा मार्ग पादचारी व सायकलस्वारांसाठी असून, वरच्या पातळीवर रस्ते आणि उद्याने आहेत. दोन्ही काठांवर सुमारे साडेअकरा किलोमीटर लांबीची ही रचना आहे. नदीकाठाच्या विकासाची कल्पना १९६० च्या दशकात मांडली गेली. स्वतंत्र महामंडळ १९९७ साली स्थापन झाले, बांधकाम २००५ साली सुरू झाले आणि २०१२ साली पदपथ नागरिकांसाठी खुला झाला. कल्पना आणि कृती यांतील चार दशकांचे हे अंतर नागरी प्रशासनाच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये.

चालताना भरलेले पात्र पाहून साबरमती बारमाही नदी आहे असा समज होतो. वस्तुतः अरवलीत उगम पावून खंभातच्या आखाताला मिळणारी ही नदी पावसावर अवलंबून आहे. तिच्यावर धरोई येथे धरण झाल्यानंतर पावसाळ्याखेरीज शहरातील पात्र बव्हंशी कोरडे राहत असे, आणि त्या वाळूत भाजीपाला पिके, कपडे धुतले जात, बाजारही भरे. आज दिसणारे पाणी नर्मदेच्या मुख्य कालव्यातून सोडलेले आणि दक्षिणेस वासणा बंधाऱ्याने अडवलेले आहे. आपण नदीकाठी चालतो की एका लांबट तलावाकाठी, हा प्रश्न म्हणूनच अस्थानी नाही.

पात्राची रुंदी पूर्वी जागोजागी वेगळी होती. ती सुमारे २६३ मीटर अशी एकसारखी करण्यात आली. त्यातून २०० हेक्टरांहून अधिक जमीन मोकळी झाली. या जमिनीपैकी १५ टक्क्यांहून कमी भाग विकून प्रकल्पाचा खर्च भागवावा आणि उरलेला सार्वजनिक वापरासाठी ठेवावा, ही त्यामागील वित्तीय कल्पना. परीक्षेच्या दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण भू-मूल्यातून पायाभूत सुविधांचा निधी उभारण्याचा हा प्रयोग इतर शहरांनीही डोळ्यांसमोर ठेवला. पुण्यातील मुळा-मुठा नदीकाठ प्रकल्पावर याच प्रकल्पाची छाप आहे.

पुढे १८९२ चा एलिस पूल लागतो. १८७५ च्या पुरात लाकडी पूल वाहून गेल्यावर हा पोलादी पूल उभारण्यात आला. त्याच्या दक्षिणेस २०२२ साली खुला झालेला, केवळ पादचाऱ्यांसाठीचा अटल पूल आहे. तो ओलांडून पूर्व काठावर यावे. या काठालगत १४११ साली वसलेले जुने शहर आहे. त्यास २०१७ साली जागतिक वारसा शहराचा दर्जा मिळाला. भद्र किल्ल्याकडे जाण्यास येथून फारसा वेळ लागत नाही. अठराव्या शतकात या शहरावर मराठ्यांचा अंमल होता. रायखड भागातील गायकवाड हवेली त्याची साक्ष देते.

याच काठावर गुजरी बाजार, लोकांच्या बोलीत ‘रविवारी’, भरतो. जुनी पुस्तके, भांडी, लाकडी सामान असे सारे तेथे मिळते. प्रकल्पामुळे विक्रेत्यांची जागा जाण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी संघटितपणे न्यायालयाची वाट धरली, आणि २०१४ साली त्यांना नदीकाठीच बांधीव बाजार मिळाला. काठावरच्या झोपडवासीयांच्या वाट्याला मात्र निराळे आले. त्यांच्या संघटनेने २००५ साली उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, त्यामुळे पुनर्वसनाचा आग्रह धरता आला. दहा हजारांहून अधिक कुटुंबांना घरे मिळाली खरी. परंतु अनेकांची घरे वटवासारख्या शहराच्या कडेच्या भागांत होती. धुणीभांडी, हातगाडी अशा कामांवर जगणाऱ्यास पक्क्या भिंतींइतकेच कामाचे अंतरही मोलाचे असते. बसभाड्यात मजुरीचा वाटा गेला, तर त्या घराचे मोल कसे मोजावे? पुनर्वसनावरील उत्तरात घरांच्या संख्येवर थांबणारे विद्यार्थी हा हिशेब विसरतात.

दक्षिणेस चालत राहिल्यास वासणा बंधारा येतो. काठांवर टाकलेल्या वाहिन्यांनी सांडपाणी अडवून शुद्धीकरण केंद्रांकडे नेले जाते; शहरातील पात्र स्वच्छ दिसते ते त्यामुळे. बंधाऱ्याखाली चित्र पालटते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात रायसण ते वौठा या पट्ट्यात जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी लिटरमागे २९२ मिलिग्रॅमपर्यंत नोंदली गेली. स्नानयोग्य पाण्यासाठी मर्यादा ३ मिलिग्रॅम आहे. या खालच्या भागातील गावांची शेती नदीच्या पाण्याशी बांधलेली आहे. गुजरात उच्च न्यायालयाने २०२१ साली या प्रदूषणाची स्वतःहून दखल घेतली आणि संयुक्त कृती दल नेमले. पदपथावर फिरायला येणारे बहुतेक लोक बंधाऱ्यापर्यंत पोहोचण्याआधीच माघारी वळतात.