टॉन्सिल्स : लेसरने काढावेत की साध्या पद्धतीने?

"डॉक्टर, सोलापूरला पोराचे टॉन्सिल काढायला सांगितलेत. लेसरनं काढू का साध्या पद्धतीनं?" नळदुर्गच्या माझ्या दवाखान्यात पालक हे हमखास विचारतात. मी उलट विचारतो, "घसा सुजून ताप वर्षात किती वेळा येतो?"

एका वर्षात सात वेळा, सलग दोन वर्षे दरवर्षी पाच वेळा किंवा सलग तीन वर्षे दरवर्षी तीन वेळा असा त्रास झाला, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. गाठींमुळे झोपेत श्वास अडकत असेल तरीही करावा. नुसत्या मोठ्या दिसतात म्हणून गाठी काढू नयेत.

आता पद्धती पाहू. जुन्या पद्धतीत चिमटा-कात्रीने गाठ सोडवून काढतात व रक्तवाहिनी दोऱ्याने बांधतात. त्या वेळी रक्त थोडे जास्त जाते, पण नंतरचे दुखणे कमी असते. विजेच्या उपकरणाने (डायथर्मी) रक्त लगेच थांबते. मात्र जागा भाजल्याने घसा जास्त दुखतो. लेसरचेही साधारण तसेच. कोब्लेशनमध्ये मिठाच्या पाण्याच्या साह्याने कमी उष्णतेत गाठ काढतात, पण खर्च वाढतो.

इंग्लंड व उत्तर आयर्लंडमध्ये २००३-०४ साली ३३ हजारांहून अधिक रुग्णांची पाहणी झाली. डायथर्मी व कोब्लेशननंतर रक्तस्रावाचे प्रमाण जुन्या पद्धतीपेक्षा जास्त आढळले. म्हणून यंत्राच्या नावाला भुलू नका. सर्जनचा हात ज्या पद्धतीवर बसला आहे, ती चांगली.

पद्धत कोणतीही असो, पाचव्या ते दहाव्या दिवसापर्यंत जपावे. काही वर्षांपूर्वी एका मुलीला आठव्या रात्री माझ्याकडे आणले. काळी उलटी झाली, अपचन असेल, असे घरच्यांना वाटले. ते गिळलेले रक्त होते! सोलापूर इथून सुमारे ४५ किलोमीटर. वेळेत पोहोचली म्हणून वाचली.

घशात दिसणारा पांढरा थर म्हणजे पू नव्हे. ती भरत आलेली जखम असते. पाणी भरपूर पाजावे, अॅस्पिरिन देऊ नये, दहा-बारा दिवस लांबच्या वस्तीवर नेऊ नये. मूल सारखे आवंढे गिळू लागले, लाल रक्त थुंकले किंवा काळी उलटी झाली, तर त्याला पुढे वाकवून बसवा, तोंडाने काही देऊ नका आणि १०८ ला फोन करून तडक मोठे रुग्णालय गाठा. सकाळची वाट पाहू नका.